बोनस गाण्यातलं दूध

चेनताईंच्या दारात कोणी उभं राहिलं, की त्या आधी माणसाकडे बघत नसत, त्याच्या हातातल्या चेनकडे बघत. पँटची, जॅकेटची, दप्तराची, बुटाची, प्रवासी बॅगेची. चेन कुठलीही असो, तिचा रनर दोनदा वरखाली करून त्या निकाल देऊन टाकत. "चेन चांगली आहे, रनर गेलाय. उद्या या." नाहीतर, "हिला कोणीतरी घाईत ओढलंय." मग समोरचा माणूस हमखास ओशाळायचा, कारण ओढलेलं त्यानेच असायचं.

लग्न होऊन या तिसऱ्या मजल्यावर आल्या, तेव्हा त्या कपडे आखूड-लांब करून द्यायच्या. पुढे कपडे तयार मिळायला लागले, स्वस्त झाले, लोक ते आखूड करण्याऐवजी फेकायला लागले. पण चेन बिघडलेलं जॅकेट फेकताना माणसाचा जीव खालीवर होतो, हे चेनताईंनी बरोबर हेरलं. शिलाईचं मशीन खिडकीशी, शेजारी डब्यांमध्ये चेनी, रंगांनुसार लावलेल्या. त्यांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या मुलीला आणि विजेच्या बिलाला माहीत होतं.

त्याच खोलीची दुसरी बाजू त्यांच्या नवऱ्याची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून तो लिफ्टराव. लिफ्ट बंद पडली, की आत अडकलेली माणसं घामाघूम होऊन फोनवर ओरडायची, आणि पलीकडून संथ आवाज यायचा, "हो, बघतो." एवढंच. पण त्या दोन शब्दांनी माणसं शांत व्हायची. कारण लिफ्टराव खरंच यायचे, पावसात, तापात, जेवणावरून उठून. निवृत्त झाले तरी आसपासच्या चार इमारती अजून त्यांनाच फोन करायच्या.

घरात मात्र या दोन शब्दांचा भाव पार पडलेला होता. नळ गळतोय. "हो, बघतो." खिडकीची कडी तुटलीय. "हो, बघतो." ती कडी अजून दोरीने बांधलेली आहे. दोरी चेनताईंनी बांधली.

लिफ्टरावांच्या बाजूला भिंतभर कपाट होतं आणि कपाटात रेकॉर्ड, कॅसेट, सीडी. त्यातला मधला कप्पा एकाच अल्बमचा. मुखपृष्ठावर बंद दाराला अडकवलेला पिवळा रेनकोट, म्हणून घरात त्याला पिवळा अल्बम म्हणत. चार जणांचा बँड, गाणारी बाई, दहा गाणी. लिफ्टराव विशीत असताना तो आला आणि दोनेक वर्षं रस्त्यावरच्या प्रत्येक खिडकीतून वाजत राहिला. इतरांचं वेड ओसरलं. लिफ्टरावांनी मात्र आधी रेकॉर्ड घेतली, मग कॅसेट, मग सीडी, मग आवाज नव्याने स्वच्छ केलेली सीडी, मग पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती, तीन बोनस गाण्यांसह.

"तीच दहा गाणी ना?" दर वेळी चेनताई विचारत.

"यात तीन जास्त आहेत."

"ती तेव्हा का नव्हती घातली?"

"तेव्हा वगळली होती."

"म्हणजे कापून उरलेल्या चिंध्या. माझ्याकडे पोतंभर आहेत. डिलक्स म्हणून विकायला काढू का?"

लिफ्टराव हसत आणि नवी सीडी कपाटात ठेवत. एक ऐकायला, एक जपायला, हा त्यांचा नियम. जपायची जी असे, तिचा प्लास्टिकचा वेष्टनकागदसुद्धा काढत नसत. मूळ वस्तू वाजवली की झिजते, म्हणून मूळ वाजवायचीच नाही.

हा सगळा छंद चेनताईंनी निमूटपणे सोसला असता. खुपत होती ती एकच कॅसेट.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पिवळ्या अल्बमचा बँड रेडिओवर थेट गाणार होता आणि अल्बममध्ये नसलेलं एक गाणं म्हणणार होता. त्या काळी रेडिओ वेगळा, कॅसेट रेकॉर्डर वेगळा. रेडिओवरचं काही टेप करायचं, तर रेडिओच्या तोंडाशी माईक ठेवायचा आणि सगळ्या घराने गप्प बसायचं. लिफ्टरावांनी उशीवर माईक ठेवला, नळ घट्ट केला, घड्याळ उचलून आतल्या खोलीतल्या गादीखाली कोंबलं. चेनताईंना मशीन थांबवायला लावलं. सासूबाईंना खोकला येणार असेल तर आत्ताच खोकून घ्या म्हणून सांगितलं. पाळण्यात तीन महिन्यांची मुलगी होती, तिला कोण काय सांगणार?

चेनताईंनी गॅसवर दूध ठेवलं होतं. घरात होतं तेवढंच, मुलीच्या बाटलीचं. तेवढ्यात मुलीचा लंगोट बदलायची वेळ आली. त्या तिला घेऊन आत गेल्या.

गाणं सुरू झालं. हळू, जवळजवळ कुजबुजल्यासारखं. शेवटच्या कडव्याआधी गिटारही थांबली आणि बाईंनी एकटीने सूर लावला. नेमक्या त्या शांततेत कॅसेटवर आधी फस्स् असा आवाज येतो, आणि मागून चेनताईंचा, पोटातून निघालेला:

"अहो, दूध! दूध उतू गेलं!"

झालं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं नाव पडलं. गाणं बिघडवणारी बायको. धाकटे दीर तर त्यांना दूधउतू वहिनीच म्हणायला लागले. घरी कोणी पाहुणा आला, की लिफ्टराव कॅसेट लावत आणि तो क्षण जवळ आला की बोट वर करत. मुलीच्या लग्नात भावजींनी चक्क माईक हातात घेऊन हा किस्सा सांगितला. सगळं सभागृह खो खो हसलं. चेनताईही हसल्या. लग्नात रडवेलं तोंड करून कोण उभं राहणार?

पण हसण्याच्या आत एक बारीक टाचणी होती, आणि ती नेहमी त्याच जागी टोचायची. "मी तुम्हाला सांगून गेले होते. दुधाकडे लक्ष ठेवा म्हणून."

"नाही सांगितलंस."

"सांगितलं होतं."

"सांगितलं असतंस, तर मी बघितलं नसतं का?"

हा प्रश्न बिनतोड होता, कारण गावभर त्यांच्या 'बघतो'ची ख्याती होती. सासूबाई लेकाच्या बाजूने साक्ष देत, "मी इथेच बसले होते, ती काही बोलली नाही बाई." सासूबाईंना तेव्हाही कमी ऐकू यायचं, पण हे काढलं तर वेगळंच भांडण झालं असतं. पुढे सासूबाई गेल्या आणि निकाल कायमचा लिफ्टरावांच्या बाजूने लागला. कधीकधी कुणाची चेन उसवता उसवता चेनताईंनाच शंका यायची. खरंच सांगितलं होतं ना आपण? की मनातल्या मनात म्हटलं आणि गेलो?

तर यंदा बातमी आली, की पिवळा अल्बम चाळीस वर्षांचा होतोय आणि कंपनी त्याची जंगी डिलक्स आवृत्ती काढणार आहे. तीन तबकड्या, जाडजूड पुस्तिका, कधीच न ऐकलेली गाणी. फक्त रेडिओवर गायलेलं ते एक गाणं सापडत नव्हतं. रेडिओवाल्यांनी त्या टेपवर पुढे काहीतरी दुसरंच टेप करून टाकलं होतं. कोणा श्रोत्याने तेव्हा उतरवून घेतलं असेल, तर कळवा, असं कंपनीने आवाहन केलं.

माहेरी आलेल्या मुलीने मोबाइलवर ते वाचून दाखवलं, तेव्हा लिफ्टराव खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. "आपल्याकडे आहे," ते म्हणाले. मग चेनताईंकडे वळून लहान मुलासारखे, "अगं, आपल्याकडे आहे!"

चेनताईंचा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला. "माझ्या ओरडण्यासकट?"

"आता जे आहे ते आहे."

"म्हणजे इतके दिवस निदान आपल्या नात्यातली माणसं हसत होती. आता जगाला विकत घेऊन हसता येणार."

"आई, काढता येतं हल्ली ते," मुलगी म्हणाली. "नुसता तुझा आवाज उचलून बाजूला काढतात."

"हात लावायचा नाही," लिफ्टराव म्हणाले. "मूळ ते मूळ. एकदा कापाकापी सुरू झाली की थांबत नाही."

चेनताईंनी त्याच क्षणी ठरवलं, की कॅसेट द्यायला आपणही सोबत जायचं. गाणं जाऊ दे डिलक्समध्ये, खुशाल जाऊ दे. पण आपलं ते किंचाळणं काढल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

लिफ्टरावांनी कंपनीला आधी नक्कल पाठवली, पण मूळ कॅसेट टपालावर सोडायला ते तयार नव्हते. त्यांनी कपाटाच्या तळातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत फडक्यात गुंडाळलेली मूळ कॅसेट. टेप केली त्याच रात्री त्यांनी मित्राकडे जाऊन तिची नक्कल काढली होती, आणि घरात अडतीस वर्षं वाजली ती नक्कल, पुढे नकलेचीही नक्कल. मूळ कॅसेट डब्यात गेली, ती परत कोणत्याही यंत्रात गेलीच नाही.

स्टुडिओ एका जुन्या गोदामात होता. भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा खड्ड्याखड्ड्यांचा स्पंज. काम करणारी मुलगी तिशीतली, डोक्यावर हेडफोन, अंगात जॅकेट. जॅकेटच्या चेनीला सेफ्टी पिन लावलेली चेनताईंना दारातूनच दिसली.

"या काका, या काकू," ती म्हणाली. "सतरा जणांनी कळवलं होतं की आमच्याकडे आहे. कोणाकडे अर्धंच, कोणावर नंतर क्रिकेटची कॉमेंट्री. पूर्ण फक्त तुमच्याकडे आहे."

लिफ्टरावांची छाती दोन इंच वर आली. ती लगेच खाली गेली, कारण त्या मुलीने छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॅसेट उघडायला सुरुवात केली.

"अहो, अहो, काय करताय?"

"फीत दाबून धरणारी आतली छोटी गादी निघालीय काका. अशीच लावली तर यंत्र टेप खाईल. फीत नव्या डबीत घालते."

लिफ्टराव श्वास रोखून बघत राहिले. आयुष्यभर माणसांनी भरलेल्या लिफ्ट दोरांवर लोंबकळताना पाहिल्या त्यांनी, पण असा चेहरा चेनताईंनी त्यांचा कधी पाहिला नव्हता. त्यांना थोडी दया आली आणि थोडं बरंही वाटलं.

"काकू, ते दूधवालं वाक्य तुमचं का?" मुलीने विचारलं. "काकांनी पाठवलेली नक्कल ऐकली मी. भारी आहे."

"भारीबिरी काही नाही. ते काढून टाका."

"काढू नका," लिफ्टराव म्हणाले.

"काढता येईल," मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली. "थोडा बाईंचा सूरही घासला जाईल, पण येईल. आधी पूर्ण ऐकून घेऊ या. अगदी पहिल्यापासून."

"पहिल्यापासून नको," लिफ्टराव म्हणाले. "सुरुवातीला नुसती निवेदकाची बडबड आहे. मी नक्कल काढतानाच ती गाळली होती. गाणं दीडेक मिनिटाने सुरू होतं."

"असू दे ना काका. निवेदन पण हवंय कंपनीला. त्या काळाचा वास येतो त्याला."

तिने कळ दाबली. आधी नुसती खरखर. मग निवेदकाचा गोडगोड आवाज, आज आपल्या भेटीला, वगैरे. आणि त्या आवाजाच्या अलीकडे, अगदी जवळ, एक घर. पाळण्याची कडी कुरकुरली. कोणीतरी खोकलं आणि कोणीतरी "श्श्" केलं. चेनताईंनी हनुवटी वर केली. तो सासूबाईंचा खोकला होता. इतक्या वर्षांनी, या परक्या खोलीत, दोन मोठ्या स्पीकरमधून. मग मूल कुरकुरल्याचा आवाज, पावलं, आणि एक तरुण बाई, दबक्या आवाजात पण स्वच्छ बोलली:

"अहो, गॅसवर दूध ठेवलंय. मी हिला आत नेते. दुधाकडे लक्ष ठेवा हं."

आणि एक तरुण पुरुष, माईकला जवळजवळ ओठ लावून:

"हो, बघतो."

निवेदक म्हणाला, चला तर मग ऐकू या. गाणं सुरू झालं.

मुलीने टेप थांबवली नाही. ती बिचारी कानांनी फक्त गाणं तपासत होती. चेनताई मात्र वळल्या आणि नवऱ्याकडे बघू लागल्या. लिफ्टराव समोरच्या काचेकडे बघत होते, जणू काचेत कोणीतरी अडकलं आहे. गिटार थांबली. बाईंचा एकटीचा सूर लागला. फस्स्. "अहो, दूध! दूध उतू गेलं!" आणि आज पहिल्यांदाच त्या ओरडण्यावर कोणी हसलं नाही.

गाणं संपल्यावर लिफ्टरावांनी घसा साफ केला.

"मी काय म्हणतो," ते त्या मुलीला म्हणाले, "हिला एवढं वाईट वाटतंय, तर... काढून टाका दुधाचं. आणि ती सुरुवातीची बडबड पण. लोकांना गाणं हवं असतं. उगीच पाल्हाळ कशाला?"

"अजिबात नाही," चेनताई म्हणाल्या. "मूळ ते मूळ."

"अगं, पण तूच आत्ता..."

"एकदा कापाकापी सुरू झाली की थांबत नाही, असं आमच्या घरातले जाणकार म्हणतात." त्या मुलीकडे वळल्या. "बाळ, ती सुरुवात जरा पुन्हा लाव. पाळण्यापासून."

मुलीने लावली. 'हो, बघतो' आलं, तेव्हा तिला उमगलं. तिने हेडफोन गळ्यात उतरवला. "अय्या! म्हणजे काकांना सांगितलं होतं?"

"अडतीस वर्षं हेच सांगतेय," चेनताई म्हणाल्या. "पण पुरावा डब्यात होता. फडक्यात गुंडाळून, झिजू नये म्हणून."

लिफ्टरावांचे कान लाल झाले. "मला खरंच आठवत नाही गं," ते हळूच म्हणाले. आणि ते खरं होतं, हे चेनताईंना त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. खोटं बोलत नव्हता हा माणूस इतकी वर्षं. त्याने नुसतं ऐकलंच नव्हतं. यात बरं कुठलं, हे काही त्यांना पटकन ठरवता येईना.

"माझ्या हातात नाही पण," मुलगी म्हणाली. "काय ठेवायचं ते बाईच ठरवतात. गाणाऱ्या बाई. त्या एकेक गाणं स्वतः ऐकून मग होकार देतायत. दोन्ही करून पाठवते, एक घरासकट, एक घराशिवाय."

निघताना चेनताईंनी पर्समधून छोटी पक्कड काढली आणि मुलीला जॅकेट काढायला लावलं. रनरच्या दोन्ही बाजू जरा दाबल्या, चेन सर्रकन वर गेली. "घाईत ओढत जाऊ नको," त्या म्हणाल्या. सेफ्टी पिन त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. वाया कशाला घालवायची?

पुढचे काही दिवस लिफ्टराव पडेल ती कामं करायला लागले. नळ दुरुस्त झाला. ते मशीनजवळून जाताना पाय हलके टाकू लागले. चेनताईंना हे सगळं कळत होतं, आणि त्या कळत नसल्यासारखं दाखवत होत्या, कारण नळ दुरुस्त करणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. शिवाय जीव टांगणीला लागलेला. बाईंनी घराशिवायचं गाणं निवडलं, तर? स्टुडिओतल्या त्या मुलीशिवाय कोणी ऐकलेलंच नव्हतं. पुन्हा त्यांचा शब्द, पुन्हा त्यांचंच हसं. भावजींना सांगून बघितलं असतं, तर ते म्हणालेच असते, "हो का वहिनी? वा!"

"अहो, त्या बाई काय ठरवतील?" एकदा न राहवून त्यांनी विचारलं.

"बघ... कळेल," लिफ्टराव म्हणाले. तो शब्द आता त्यांच्या जिभेवर येऊन अडखळायला लागला होता.

मग एका दुपारी स्टुडिओतल्या मुलीचा फोन आला. "काकू, स्पीकरवर टाका. बाईंनी निरोप बोलून पाठवलाय, तो ऐकवते."

फोन मशीनवर ठेवला. एक म्हातारा, खर्जातला आवाज आला, आणि लिफ्टराव नकळत उभे राहिले.

"त्या संध्याकाळी रेडिओच्या खोलीत आम्ही चौघं होतो," बाई म्हणत होत्या, "आणि काचेपलीकडे निवेदक, तो सँडविच खात होता. मला वाटलं, आपण भिंतींसाठी गातोय. म्हणून मी ते गाणं पुढे कुठल्याच अल्बममध्ये घेऊ दिलं नाही. म्हटलं, कोणाला आवडणार आहे? आणि इकडे त्यापायी एक माणूस गॅसवरचं दूध विसरला होता! इतकी बक्षिसं मिळाली मला, पण हे सगळ्यात मोठं. ठेवा. घर, पाळणा, दूध, सगळं ठेवा. एका अक्षराला हात लावू नका." मग जरा थांबून, "आणि त्या बाईंना माझ्या वतीने विचारा, मग बाळाला दूध मिळालं का?"

चेनताई हातातल्या जॅकेटकडे बघत राहिल्या. इतक्या पाहुण्यांनी तो किस्सा ऐकला. सगळं सभागृह हसलं. हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

"मिळालं म्हणावं," त्या फोनला म्हणाल्या. "तळाशी बाटलीभर उरलं होतं. तिचं भागलं. आम्ही कोरा चहा प्यायलो."

"कोरा?" लिफ्टराव म्हणाले. "मला नाही आठवत."

"तुम्ही प्यायलात आणि चांगला झालाय म्हणालात. गाणं ऐकत होतात."

डिलक्स आवृत्तीच्या पेट्या आल्या, एक नाही, दोन. कंपनीने भेट म्हणून पाठवल्या होत्या. जड, पिवळ्याधमक, कोपऱ्यांना सोनेरी रेघ. लेक आली, भावजीही आले. तिसऱ्या तबकडीवर सगळ्यात शेवटी ते गाणं होतं, आणि पुस्तिकेत त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'एका घरातून'.

"चला, दूधउतू वहिनी जगप्रसिद्ध झाल्या!" भावजी ऐसपैस बसत म्हणाले. "कुठे येतं ते? शेवटी ना?"

"तुम्ही सुरुवात ऐका, भावजी," चेनताई म्हणाल्या. "यात सुरुवात जास्तीची आहे. बोनस."

लिफ्टरावांनी स्वतः तबकडी लावली. लावून ते खिडकीशी, दोरीने बांधलेल्या त्या कडीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. खरखर झाली. निवेदक बोलू लागला. पाळणा कुरकुरला. सासूबाई खोकल्या. "आई!" भावजी पुटपुटले आणि सावरून बसले. मग ती तरुण बाई बोलली, आणि तो तरुण पुरुष म्हणाला, "हो, बघतो."

भावजींनी मांडीवर अशी थाप मारली, की पेटीचं झाकण उडालं. "दादा! अरे चोरा! सांगितलं होतं की तुला!"

"बाबा!" मुलीचं हसू थांबेना. "हो-बघतो बाबा! मी तर तीन महिन्यांची साक्षीदार आहे!"

"हो-बघतो," भावजींनी ते शब्द चवीने पुन्हा उच्चारले, आणि चेनताईंना कळलं, की अडतीस वर्षांचं ते नाव आत्ता या क्षणी त्यांच्या अंगावरून उतरून नवऱ्याच्या अंगावर चढलं. मापात बसलंही अगदी. कुठे काही उसवायला नको.

गाणं तसंच चालू होतं. ते कोणी ऐकत नव्हतं. दूध उतू गेलं, तेव्हा चौघंही बोलत होते.

"आवाज फार स्वच्छ केलाय," लिफ्टराव खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

"हो का?" चेनताई म्हणाल्या.

लिफ्टरावांनी टेबलावरची दुसरी पेटी उचलली. वेष्टनातली, जपायची. तिला घेऊन ते कपाटापर्यंत गेले, मधला कप्पा उघडला, आणि तसेच उभे राहिले. मग परत आले. "कात्री दे गं."

"कापडाची नाही मिळायची."

"दोऱ्याची दे."

चेनताईंनी दिली. त्यांनी वेष्टन कापलं, पेटी भावाच्या हातात दिली. कपाटातली वस्तू या घराबाहेर जाताना कोणी कधी बघितली नव्हती. "ही घेऊन जा. घरी नीट ऐक. आणि आधी वहिनीची माफी माग."

"मी? तू मागितलीस का?"

"मागतो."

"बाबा," मुलगी म्हणाली, "'मागतो' नाही. मागा."

लिफ्टरावांनी कात्री मशीनवर ठेवली, तिची टोकं सरळ केली. मग चेनताईंकडे न बघता, मशीनच्या चाकाकडे बघत काहीतरी म्हणाले. निवेदक तेव्हा गोडगोड आवाजात कार्यक्रम संपल्याचं सांगत होता.

"नीट ऐकू आलं नाही," चेनताई म्हणाल्या. त्यांनी हात लांब करून आवाजाचं बटण पार खाली नेलं. "परत एकदा."

लिफ्टरावांनी वर पाहिलं. मान खाजवली. आणि घरभर ऐकू जाईल अशा बेताने, शब्द तोडून म्हणाले, "तू सांगितलं होतंस. माझंच लक्ष नव्हतं. चुकलो."

"आता कसं," चेनताई म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. दारात थांबून त्यांनी मागे वळून विचारलं, "दूध ठेवतेय हं. सांगितलं नाही म्हणू नका."

लिफ्टराव त्यांच्याआधी स्वयंपाकघरात पोहोचले होते.